निळ्या चौकटी

द्वारा थिओ गॅस्किन्स,
क्लीव्हलँड
९ एप्रिल १९९८

ती. अर्लीनमावशीस,
रोशेलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावं तर थिओदादाच्या घरात सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून पत्र. घराचं व्हाउचर एकदाचं हातात पडलं. माझी कायला रांगत होती तेव्हा नाव नोंदवलं होतं, आता ती तिसरीत आहे. भाड्याचा थोडा वाटा मी द्यायचा, बाकीचा सरकार थेट घरमालकाला देणार. मात्र मेअखेर घर मिळालं नाही तर व्हाउचर रद्द, आणि आम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला.

घरं खूप आहेत गं. फोनवर सगळे गोड बोलतात, व्हाउचर म्हटलं की जागा कालच गेली म्हणतात. एकाने तर सगळं घर दाखवलं, स्वयंपाकघराचं माझ्याकडून कौतुक करून घेतलं, आणि मग म्हणाला की व्हाउचरवाले घराची वाट लावतात. मी म्हटलं, तुमच्या न्हाणीघराची वाट माझ्याआधीच कोणीतरी लावून गेलंय.

व्हाउचरच्या ऑफिसातल्या बाई सांगतात, तुम्ही वाढलात त्या सरकारी इमारतींच्या आसपास लगेच मिळेल. मिळेलच. तिथे कोणाला जायचंय? कायलाची शाळा इथे आहे, तिची बाई चांगली आहे, आणि मी हलणार नाही. आम्ही दोघी झोपतो त्या सोफ्याकडे बघून वहिनी उसासे टाकते. टाकू दे.

तुझे आशीर्वाद असू देत. जमल्यास थोडे जास्तीचे.
तुझी,
रोशेल

डेमोपोलिस, अलाबामा
१७ एप्रिल

चि. रोशेल हिस,
अर्लीनमावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. न्हाणीघराचं उत्तर शेजारच्या हॅटीला दोनदा वाचून दाखवलं. तुझी आई अशीच होती. तिला दार दाखवलं की ती तिथेच खुर्ची मागायची.

थिओच्या बायकोला सांग, तिचं लग्न ठरलं तेव्हा थिओ माझ्याच पडवीत झोपत होता. किंवा नको सांगूस, भात तिच्याच हातचा खायचाय.

घर मिळेल. मिळालं की सामान हलवायच्या आधी खिडक्यांच्या चौकटी निळ्या रंगव. तुझ्या आजीने निळ्या केल्याशिवाय एकाही घरात चूल पेटवली नाही. भुतांना तो रंग पाणी वाटतो, आणि पाणी ओलांडायची त्यांची छाती नाही. शहरातल्या घरमालकांवरही चालतोय का ते कळव.

कायलाला गोड पापा. तू खात जा.
मावशी

द्वारा थिओ गॅस्किन्स,
क्लीव्हलँड
१५ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

घर मिळालं होतं. ‘होतं’ वाचून घाबरू नकोस, पुढे वाच.

मिसेस वोइचिक म्हणून एक विधवा म्हातारी आहे, पोलिश. तिच्या घराचा वरचा मजला, कायलाच्या शाळेजवळच. तीही आधी नाहीच म्हणाली. सरकारचा माणूस तपासणीला येऊन तिच्या नवऱ्याने बांधलेल्या घरात खोड्या काढणार, हे तिला सोसत नव्हतं. मी म्हटलं, नवऱ्याने घर चांगलं बांधलंय ना, मग भिता कशाला? त्यावर तिने मला सूप दिलं.

तपासणीच्या आधी, तिला विचारून, झोपायच्या खोलीच्या चौकटी मी निळ्या रंगवल्या. दोन हात मारले, झकास. तपासनीस आला. नळ, दिवे, जिना, सगळं ठीक. मग त्याने खिडकी वर सरकवायला जोर लावला. हलेना. दुसरीही हलेना. रंगाने खिडक्यांच्या सरकत्या पाट्या चौकटीला चिकटल्या होत्या. आग लागली तर बाहेर कशा पडणार, म्हणाला, आणि नापास करून गेला.

भूत आत आलं नाही मावशी, पण आम्हीही आत जाऊ शकलो नाही. पुन्हा तपासणी अठ्ठावीसला. ती हुकली तर व्हाउचर गेलं. वोइचिकबाई म्हणतात, त्यांचा भाचा कागदपत्रांशिवाय जागा घ्यायला तयार आहे. परवा जिन्यात बसून रडले. तुला सांगते, कायलाला नाही.

माया आटू देऊ नकोस.
रोशेल

डेमोपोलिस
१९ मे

चि. रोशेल,
आशीर्वाद.

जास्तीचं तिकीट लावून पाठवतेय, लगेच वाच. रंग वाळेपर्यंत खिडकी अधूनमधून वरखाली करायची असते. इथे हे पोरासोरांनाही ठाऊक, म्हणून लिहायचं सुचलं नाही. पातळ पात्याची सुरी फटीतून चौफेर फिरव, पाटी सैल कर, मग खाचांना मेणबत्ती घास.

आणि घाबरून पांढरा फासू नकोस. एकदा मान खाली घातलीस की पुढे पडदेही घरमालकच ठरवतील. डोळे पूस.
मावशी

रोशेल गॅस्किन्स,
वरचा मजला, १८ लॉरेल स्ट्रीट,
क्लीव्हलँड
३० मे

ती. मावशीस,
रोशेलचा, आज जरा ताठ मानेने, सा. न. वि. वि.

वोइचिकबाईंचा हट्ट होता की सगळं खरवडून पांढरं कर. मी सांगितलं, खिडकी उघडेल, पण निळीच राहील. त्या पोलिशमध्ये बरंच काही बोलल्या आणि खाली निघून गेल्या. संपलं असं वाटलं. तर नवऱ्याची सुरी आणि चर्चमधली मेणबत्ती घेऊन परत आल्या. मी कापत होते, त्या घासत होत्या, आणि मधूनमधून निळ्या रंगाला शिव्या देत होत्या.

तपासनिसाने दोन बोटांनी पाटी वर ढकलली, ती सर्रकन गेली. डोकं बाहेर काढून पाहिलं आणि सही केली. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. बाईंनी त्याला सांगितलं की जागा गेली. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. दोन महिने हे वाक्य मला ऐकवलं जात होतं, या खेपेला ते माझ्यासाठी दुसऱ्याला ऐकवलं.

आता वरचा पत्ता पुन्हा वाच. ‘द्वारा’ नाही. उत्तराच्या पाकिटावर माझंच नाव घाल, मोठ्या अक्षरांत. पोस्टमन याच गल्लीतून पायी येतो, गल्लीलाही वाचता येऊ दे.

लोभ आहेच, आता तो घेऊन स्वतःच ये. खिडकी उघडी ठेवलीय.
तुझी,
रोशेल