वाचन, फक्त फॅमिलीसाठी

बाई,

तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली, तेव्हा पत्र उशिरा लिहिलं म्हणून तुम्ही रागावणार नाही. रागवायचंच असेल तर त्याला चांगलं कारण पुढे येणार आहे, तोवर राग राखून ठेवा. मी रियाधला असतो. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि त्याचा पगार घेतो. तुमच्या वर्गात हेच काम मी फुकट करायचो.

आठवीतला शनिवार आठवतोय. सकाळची शाळा, शेवटचा तास, तुम्ही टेबलाच्या कडेला टेकून कादंबरीचं एक प्रकरण वाचता आहात. प्रकरण संपलं की प्रत्येकाने उठून एक वाक्य बोलायचं, काय वाटलं ते. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, या नायिकेला दुष्काळी भागात नेऊन बसवावं, रडून रडून विहिरी भरतील. वर्ग हसला. तुम्हीही हसलात, आणि मग म्हणालात, "हसवलंस. आता वाटलं काय ते सांग." मला काही सांगता येईना. तुम्ही ओरडला नाहीत, बस असंही म्हणाला नाहीत, नुसत्या वाट बघत राहिलात. घंटा झाली तेव्हा वहीवर शाई सांडल्यासारखी माझी अवस्था झाली होती. पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला गावातल्या वाचनालयात नेलंत आणि तिथल्या काकांना सांगितलंत, हा माझ्या कार्डावर पुस्तकं नेईल. दोन वर्षं मी तुमच्या नावावर वाचलं. रजिस्टरमध्ये तुम्ही त्या काळात एकामागून एक खुनाच्या कादंबऱ्या नेलेल्या दिसतात. काका तुमच्याकडे जरा जपूनच बघायला लागले होते, आणि तुम्ही कधी खुलासा केला नाहीत.

तर रियाधला आम्ही एक वाचनमंडळ काढलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको, आणि बँका, कॉम्प्युटर यांत पोटं भरणारी आणखी पाच मराठी कुटुंबं. इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, म्हणून महिन्यातून एका गुरुवारी, संध्याकाळी, आळीपाळीने एकेकाच्या घरी. कादंबरीची प्रत एकच असायची, कारण ती कुणाच्या तरी बॅगेतून मेतकुटाच्या आणि कुरडयांच्या मधून यायची. ती घराघरांतून फिरे, आणि ज्याने त्याने आपलं मत चिठ्ठीवर लिहून पुस्तकातच ठेवायचं, असा रिवाज पडला. शेवटच्या घरी पोचेपर्यंत पुस्तक चिठ्ठ्यांनी फुगलेलं असे. गुरुवारी त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या आणि त्यावर भांडायचं. मतंही ठरलेली. ऑडिटमधले एक गृहस्थ शेवटचं पान आधी वाचत आणि मग सगळी कादंबरी त्या पानाशी जुळते का ते तपासत. त्यांच्या पत्नी प्रत्येक पात्राकडे स्थळ म्हणून बघत. "या घरात मी माझी मुलगी देणार नाही," हा त्यांचा अंतिम अभिप्राय. कादंबरीला चाळीस मिनिटं आणि बटाटेवड्यांना दीड तास असा साधारण हिशेब होता. मी हे चेष्टेने लिहितोय, पण बाई, महिन्यातले उरलेले दिवस मी त्या चाळीस मिनिटांवर काढायचो.

मग आमचा फ्रीज आला. सुलै म्हणून शहराच्या टोकाला गोदामांचा भाग आहे, तिथल्या एका गोदामाचा सुपरवायझर स्वतः दोन माणसं घेऊन फ्रीज पोचवायला आला होता. पन्नाशीचा, पांढरी आखूड दाढी, रत्नागिरीकडचा मुसलमान. तीन जिने चढून फ्रीज जागेवर लावला, सहीसाठी कागद पुढे केला आणि टेबलावरच्या कादंबरीकडे बघत विचारलं, "ही वाचून झाली काय तुमची?" नेतो म्हणाला, आठ दिवसांत आणून देतो. आणून दिली. रिवाज मी त्याला गमतीत सांगितला होता, त्याने तो खरा धरला. डिलिव्हरीच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर, चार कागद, बारीक अक्षरात.

कादंबरी होती बारा वर्षांनी घरी परतलेल्या माणसाची. आमच्या मंडळाचं मत झालं होतं की नायक मेंगळट आहे, काही बोलतच नाही. चाचांनी (सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणायला लागलो) लिहिलं होतं, की या माणसाला घरात तीन वेळा चहा मिळतो, पण एकदाही त्याने तो मागितलेला नाही. घरचा माणूस चहा मागतो, पाहुण्याला तो विचारतात. लेखकाने त्याला बोलका केला असता तर आपल्याला हे कळलंच नसतं. शेवटी लिहिलं होतं, मी दर दोन वर्षांनी दीड महिना घरी जातो, माझ्यापण हे आत्ता ध्यानात आलं.

त्या गुरुवारी ही चिठ्ठी वाचली आणि थोडा वेळ कुणी वड्याला हात लावला नाही. मग कुणीतरी म्हणालं, अहो यांना बोलवा की. लगेच दुसरं कुणी म्हणालं, पण ते इथे एकटे असतात ना, आणि आपलं फॅमिली गॅदरिंग असतं, बायका असतात. या शहरात हॉटेलला दोन दारं असतात, एक फॅमिलीचं आणि एक बॅचलरांचं. बायको गावी असलेला चार मुलांचा बापसुद्धा इथे बॅचलरच. पण त्याआधी वर्षभर नागपूरचा एक अविवाहित इंजिनिअर आमच्यात बसून वडे खात होता, आणि त्याला कुणी कधी बॅचलर म्हटलं नव्हतं. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं: एक तर गोदामातला, त्यात चाचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मंडळ माझं आणि माणूस मी आणलेला. मी म्हणालो, "चिठ्ठी येऊ दे की त्यांची. चिठ्ठीला कुठे इकामा लागतो." इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, तो दाखवल्याशिवाय पान हलत नाही. सगळे खळखळून हसले. सुटले, म्हणून हसले. तुमच्यासारखं पुढे विचारणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

पुढे एकदा पुस्तक परत द्यायला आले तेव्हा चाचांनी स्वतःच विचारलं, दारात उभं राहून, घाई नसल्यासारखं: "गुरवारी मी बसायला आलो तर चालेल काय? कोपऱ्यात बसेन." मी म्हणालो, माझी काही हरकत नाही हो, पण या वेळी आमच्याकडे आहे, आणि आमच्या बिल्डिंगचा हारिस बॅचलर लोकांना वर सोडत नाही. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हे कुणाला सांगतोय. हा माणूस याच इमारतीत तीन मजले फ्रीज घेऊन चढला होता, त्यानंतर पुस्तकासाठी चारदा आला होता, आणि खाली त्याला कधी कुणी भेटलं नव्हतं. आमच्या इमारतीला हारिस नव्हताच. चाचांनी नवं पुस्तक काखेत धरलं. मग म्हणाले, "असेल. नवीन ठेवला असेल." माझ्या खोट्यालाही त्यांनी बसायला जागा करून दिली, आणि जिना उतरले.

दोन वर्षं अशीच गेली. चिठ्ठी येत होती, चाचा येत नव्हते. मधे तो इंजिनिअर लग्न करायला गेला आणि नियम मात्र पक्का होऊन बसला: मंडळ फक्त फॅमिलीसाठी. मग माझ्या मुलीची दहावी झाली, आणि पुढच्या शिक्षणासाठी ती आणि तिची आई पुण्याला गेल्या. घरमालक म्हणाला, फॅमिली नाही तर फ्लॅट नाही, खलास. मी बँकेच्या दोन सहकाऱ्यांबरोबर एका जागेत राहायला गेलो. एक केरळचा, एक लखनौचा. माणसं सभ्य, टीव्ही मोठा. त्या महिन्यात गुरुवारचा फोन आला नाही. मीच ऑडिटवाल्यांना केला. ते फार प्रेमाने बोलले. "अहो, तुम्ही आता मोकळे! वहिनी आल्या की दोघं मिळून या ना." पुढच्या महिन्यात मोकळा माणूस म्हणून माझं कौतुक त्यांच्या पत्नीने केलं. बाई, मराठी माणूस कुणाला दार लावतो तेव्हा आतून अगत्याचा आवाज येत राहतो. कुणी वाईट नव्हतं. मीच केलेला नियम ते निष्ठेने पाळत होते. त्यांनी सुचवलं, चिठ्ठी मात्र पाठवत जा हं, तुमच्या चिठ्ठीशिवाय मजा नाही.

मी पाठवली. दोनदा पाठवली. दुसऱ्यांदा तर खूप मेहनत घेऊन विनोद पेरले. लोक फार हसले असं नंतर कळलं.

बायको आठवड्यातून दोनदा फोनवर असते. कॉलिंग कार्डाची मिनिटं संपत येतात तेव्हा ती विचारते, मंडळात काय झालं या वेळी? मी सांगतो. ऑडिटवाल्यांनी पुन्हा शेवटचं पान आधी वाचलं, त्यांच्या पत्नीने अमक्या घरात मुलगी द्यायला नकार दिला. सगळं रचून सांगतो. आणि मला त्यांची मतं इतकी पाठ आहेत की रचलेलं बहुधा खरंच असतं. ती हसते. मग मुलगी फोन घेते. कशी आहेस विचारलं की "फाइन, बाबा" म्हणते आणि फोन परत आईकडे देते.

सात महिने मी एकट्याने वाचलं. तुम्हाला म्हणून सांगतो, पुस्तक वाचून झाल्यावर ते कुणालाही सांगता न येणं ही काही मोठी आपत्ती नाही. माणूस जेवतो, कामावर जातो. फक्त एकदा मी बँकेच्या लिफ्टमध्ये एका अनोळखी सुदानी माणसाला इंग्रजीत कादंबरीची गोष्ट सांगायला लागलो. तो सहाव्या मजल्यावर उतरला. त्याला आठव्यावर जायचं होतं, कारण आठचंच बटण त्याने दाबलं होतं.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी मी कादंबरी घेऊन सुलैला गेलो; जागा बदलल्यापासून चाचांची गाठ नव्हती. गोदामामागे कामगारांच्या खोल्या आहेत. चाचांच्या खोलीत सहा पलंग, जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपून रत्नागिरी-रायगडकडची सात-आठ माणसं पलंगांवर आडवी-तिरपी बसलेली, आणि मधे चष्मा लावून चाचा मोठ्याने वाचत होते. बाकीचे बहुतेक उर्दू शाळेत शिकलेले, त्यांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, म्हणून दर शुक्रवारी एक प्रकरण. किती दिवस चाललंय विचारलं तर म्हणाले, चार-पाच वर्षं झाली असतील. म्हणजे आमच्या मंडळाच्याही आधीपासून. मला बघून चाचांनी का आलात वगैरे काही विचारलं नाही. पायापाशी बसलेल्याला म्हणाले, "सरक रे जरा, साहेबांना टेकायला पायजे." आणि वाचन पुढे सुरू.

तिथे चिठ्ठ्या नाहीत. तिथे कुणी प्रकरण संपायची वाटच बघत नाही. श्रीवर्धनचा एक ड्रायव्हर मधेच म्हणतो, हा माणूस खोटं बोलतोय, बायकोला सगळं ठाऊक हाय. दुसरा म्हणतो, ठाऊक असून गप्प हाय ती, तीच खरी हुशार. एकदा एका प्रकरणात पोरगी आजारी पडली तर तो ड्रायव्हर उठून बाहेर गेला आणि ती बरी झाल्याशिवाय आत आला नाही; चाचांना दोन पानं पुढचं आधी वाचून त्याला हाक मारावी लागली. मला पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटलं. माझ्या ओठांवर एक विनोद आला होता. तो मी गिळला, आणि मग बोलायला काहीच उरलं नाही. पण कुणी वाट बघत बसलं नाही, पुढच्याने बोलायला सुरुवात केली. आता मी नऊ महिने दर शुक्रवारी जातो. कधी कधी एखादं वाक्य बोलतोही.

आता रागाचं कारण. हारिसबद्दल मी चाचांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. पण तोंडाने म्हणायचं राहिलंय, की चाचा, इमारतीला हारिस नव्हता, मीच होतो. दर शुक्रवारी बसमध्ये वाक्य तयार करतो. गेल्या शुक्रवारी त्यांचा घसा बसला होता, त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. मी पान उघडलं, आणि इतर जण अजून बसताहेत तेवढ्यात, हळूच म्हणालो, "चाचा, तो हारिस..." त्यांनी चष्मा पुसता पुसता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वाचा हो तुम्ही. माणसं खोळंबलीत."

मी वाचायला लागलो. प्रकरण मोठं होतं, पाऊण तास वाचलं. चांगलं वाचतात साहेब, असं ड्रायव्हर म्हणाला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही हे बरंच आहे. ते चाचांच्या हातात ठेवता आलं असतं. या शहरात माझं मराठी त्यांच्याइतकं नीट वाचणारं दुसरं कुणी नाही. ठेवणार नाही. तुम्ही विचाराल, त्यांनी थांबवलं म्हणून थांबलास का? नाही, बाई. त्यांनी थांबवावं म्हणूनच मी वाक्य अर्धं सोडलं होतं.