भिंतीपाशी उभा राहिलेला नारळ

बनशंकरी, मंगळवार, एप्रिल १९९८

शेजारच्या सरोजाक्का आज पुन्हा पाइप लावून अंगण धूत होत्या. आमची बोअर महिनाभर कोरडी, मी भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालते, आणि त्यांचं अंगण बघा! "तुम्ही पण स्वल्प खोल घ्या," म्हणाल्या. त्यांनी खोल घेतली म्हणूनच तर आमचं पाणी गेलं. पण माझी घागर त्यांच्याच नळाखाली होती ना.

दुपारी नव्या बोअरची जागा दाखवायला पाणाड्या आला. तळहातावर आडवा नारळ घेऊन परसात फिरला; खाली पाणी असलं की तो आपोआप उभा राहतो म्हणे. नारळ उभा कुठे राहावा? अक्कांच्या भिंतीला लागून! हे म्हणाले, "इथं खोल गेलो तर त्यांचं आटेल. अगं, सगळेच असे खाली खाली गेलो तर पोरांना काय उरेल?"

मी म्हटलं, "इथंच घ्या."

काय बरं वाटलं मला! पाणी मिळणार म्हणून? छे. अक्कांचा तो पाइप कोरडा पडलेला दिसला मला.

संध्याकाळी गच्चीवर गेले. मागच्या प्लॉटवर चार मजल्यांचा पाया खणतायत. मालक त्याच पाणाड्याला घेऊन आमच्या भिंतीकडे येत होता. नारळ उभा राहायच्या आत मी खाली आले.