मनूचा ईएसआर

लातूर,
११ जानेवारी २००५

ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. तिकडे हरभरा कसा आहे? तिळाचे लाडू पोचले. मनूने एकच खाल्ला. हल्ली ती जेवतच नाही. वजनही उतरलंय.

तापाचं मी तुला फोनवर सांगितलं होतं. "परीक्षा जवळ आली की पोरींना ताप येतोच," म्हणालीस. इथेही सगळे तेच म्हणतात. क्लासच्या गल्लीतला डॉक्टर सलाईन लावतो, की पोरं परत वर्गात. रक्तात मनूचा ईएसआर ब्याण्णव आला, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, फिजिक्सपेक्षा ह्यातच जास्त मार्क पडले बघ!" मीही हसले. तो वीसच्या आत हवा, अंगात कुठे सूज असली की वाढतो, एवढंच ठाऊक होतं. गोळ्यांनी ताप जायचा, पुन्हा यायचा. आकडा काही उतरला नाही.

मग मानेत गाठ लागली. तुला कळवू नको म्हणून तिने शपथ घातली, म्हणून न सांगताच सोलापूरला नेलं. गाठीचा तुकडा तपासला.

ताई, कॅन्सर आहे.

मुलांमधला हा गाठींचा कॅन्सर बहुतेक वेळा बरा होतो, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. पण ईएसआर इतका चढलेला, त्यात ताप, उतरलेलं वजन. त्यावरून धोका जास्त धरावा लागतो. औषध कडक द्यायचं, आणि सोमवारपासूनच. म्हणजे बारावीची परीक्षा यंदा नाही.

मनू लगेच "चालेल" म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र माझा हात धरला. "मावशी, आईला तूच सांग. म्हणावं, मी मुद्दाम आजारी पडले न्हाई."



भूकंपात आपल्या जखमी आईच्या उशाशी डॉक्टरची वाट बघत बसलीस, तेव्हाच सहा वर्षांच्या मनूला डॉक्टर करायचं तू ठरवलंस. त्यात वाईट काय होतं? मीच हौसेने तिला इथे ठेवून घेतलं. आणि आता पोरीला ह्या आजारापेक्षा तुझी भीती जास्त वाटते.

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून ह्यांच्या हाती पत्र देते. तुम्हा दोघांच्या संमतीशिवाय औषध सुरू होत नाही. ह्यांच्याबरोबरच निघा. चिडायचं तर ह्यांच्यावर चिड, वाटेतच. दारात आलीस की आधी तिला जवळ घे. परीक्षेचा विषय तिने काढला तरच.

"आई येईल ना?" असं सकाळपासून विचारतेय. मी तिला हो म्हटलंय.

तुझ्या भरवशावर,
उमा