क्रुसावरचा एकटा शब्द

प्रिय बाबा,

तुमच्या कबरीवरचा क्रूस सकाळीच रंगवून झाला. बाभळीचा आहे. काळ्या रंगाचे दोन हात दिले, आडव्या फळीवर खडूच्या दोऱ्यानं रेघा मारल्या, आणि तिथंच कुंचला थांबला. तुम्ही जाताना सांगून गेलात, "नाव घालू नगं. नुसतं 'पापी' लिव." तेवढंच मी लिहिणार नाही. का, ते तुम्हाला कळवायला हवं, म्हणून हे पत्र. राग येईल तुम्हाला. येऊ द्या!

बहात्तरच्या दुष्काळात मिशनच्या विहिरीची किल्ली तुमच्याकडं होती. झरा बारीक, दुपारी बाराला कुलूप लावलं तरच दुसऱ्या दिवसापुरतं पाणी साठायचं. नियम बरोबरच होता. शेजारची शेवंतामावशी खडी फोडायच्या कामावरून आली तेव्हा बारा वाजून गेले होते. तुम्ही कुलूप काढलं नाही. दारावरच्या पाटीकडं बोट केलंत.

"वाचाया येत न्हाय मला," ती म्हणाली. "तहान तेवढी कळती."

"उद्या ये."

ती ओढ्याकाठच्या जुन्या बारवेत उतरली, पायरी निसटली, मांडीचं हाड मोडलं. सांधलं ते वाकडंच. त्याच संध्याकाळी तुम्ही किल्ली फादरांच्या टेबलावर ठेवलीत, ती पुन्हा कधी हातात घेतली नाहीत.

मग मरेपर्यंत दर शनिवारी पापनिवेदनाला गुडघे टेकलेत. तीन फादर बदलले! "आज काय सांगितलंत?" विचारलं की म्हणायचात, "तेच." तिघांनीही क्षमा उच्चारून शांतीनं घरी जा म्हटलं असणार. मग परत का जायचात? देवाला एकदा सांगून ऐकू येत नाही, असं वाटलं की काय?

रोज पहाटे मावशीच्या दारात भरली घागर ठेवायचात, ते मला पटायचं. तिलाही पटलं होतं. तुमचा पडलेला चेहरा मात्र तिला सोसेना. एकदा उंबऱ्यातून ओरडलीच, "ओ पेत्रसभाऊ, माझा पाय कवाच बरा झाला. तुमचं डोस्कं कवा बरं व्हायचं? हसून घागर ठिवा, न्हाय तर घिऊन जावा माघारी!"

तुम्ही हसला नाहीत.

ज्या संत पेत्राचं नाव तुम्हाला दिलं, त्यानं कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं होतं. ढसाढसा रडला. पण प्रभूनं पुन्हा हाक मारल्यावर कोपरा धरून बसला का? गेला! स्वर्गाच्या किल्ल्या आजही त्याच्याच हातात आहेत. आणि तुम्हाला एका विहिरीची उचलवली नाही?

मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर एसटी स्टँडवरच्या पाट्या बघून गिरवलं, गुरू कोणी नाही. आज तुळजापूरपासून येडशीपर्यंतच्या दूध सोसायट्यांच्या पाट्या माझ्या हातच्या. प्रत्येकीच्या शेवटी 'मर्यादित' लिहितो. कायद्यानं लिहावंच लागतं. देवाच्या दयेपुढं 'मर्यादित' लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, बाबा?

नवे फादर म्हणाले, "मृताची इच्छा आहे. नम्रताच आहे ती."

"फादर, पापी आपण सगळेच ना? मग ते एकट्या माझ्या बापाच्या क्रुसावर कशाला?"

विचारलं खरं, पण त्या प्रश्नानं मलाच पकडलं.

तुम्ही बोट केलंत ती पाटी कोणाची होती? माझी. आयुष्यातली पहिली. 'बारानंतर पाणी मिळणार नाही.' 'ळ'ची गाठ तीनदा पुसून काढली होती. तुम्ही तिला "उद्या ये" म्हणालात तेव्हा मी पाच पावलांवर उभा होतो. "काढा कुलूप," म्हणता आलं असतं. माझ्या मनात काय आलं, ठाऊक आहे? एवढं ठळक अक्षर, आणि हिला वाचता येत नाही! तिच्या हातातली रिकामी घागर मला दिसलीच नाही.

हे सांगायला दोनदा तुमच्याकडं आलो. दोन्ही वेळा एकच उत्तर. "तू मधी पडू नगं. किल्ली माझ्याकडं हुती." का, बाबा? माझा वाटा तुम्ही कोणाला विचारून उचललात?

दुपारी मावशीला विचारलं, काय लिहू. फणकारली. "पापी? मग माझी बी एक फळी रंगवून ठिव. तुझी बी. समद्या गावाला लागत्याल!"

तेव्हा शब्द सापडला. 'नमो मरिया'च्या प्रार्थनेत आपण 'आम्हा पाप्यांसाठी' म्हणतो. रोज जपमाळ ओढायचात. तो 'आम्हा' तुम्ही म्हणायचात, की गिळायचात?

तर आता क्रुसावर दोन ओळी आहेत. वर तुमचं नाव, 'पेत्रस'. खाली, 'आम्हा पाप्यांतला एक'. तुमचा शब्द ठेवलाय. एकटा मात्र ठेवलेला नाही.

येत्या शनिवारी मी जाणार आहे. पाटीचं सगळं सांगेन. फादर क्षमा उच्चारतील, मी उठेन, गुडघ्याची माती झटकेन, आणि तेच पाप घेऊन पुन्हा कधी जाणार नाही. मावशीची घागर आता माझ्याकडं. ती रोज ठेवीन, आणि हसून ठेवीन. हा माझा शब्द.

आम्हांतलाच दुसरा,
याकोब