चारशे कोयते

२२ मार्च १९७१, नगर
टायपिंगला आणखी एक विद्वान आला! नाव श्रीमंत, पुणतांब्याचा बागाईतदार, यंदा एम.ए. प्रबंध — ‘ऊसतोडणी कामगार : एक अभ्यास’. संशोधन काय? ग्रंथालयातली दोन पुस्तकं आणि कारखान्याच्या कारकुनानं दिलेला एक कागद. तोडणीच्या टोळीत जाऊन आलात का, विचारलं. ‘‘उन्हात कोण जाणार, बाई?’’
माझी आई आत्ता तिथंच ऊस तोडतेय. सांगितलं नाही. टायपिस्टला कोण विचारतंय!

२४ मार्च
डावा समास दीड इंच. तळटीपा सिंगल स्पेसमध्ये. एक रेघ तिरकी गेली तर अख्खं पान पुन्हा! मजकूर तिरका असला तरी चालतो.

२७ मार्च
तक्ता दुसरा — ‘चारशे कोयते, म्हणजे चारशे मजूर.’ अहो शहाणे, कोयता म्हणजे जोडी! नवरा-बायको. तोडायचं दोघांनी, मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या तिनं. माणसं आठशे. चारशे बाया या गृहस्थानं गिळल्या, आणि वर निष्कर्ष — ‘या व्यवसायात स्त्रियांचा सहभाग नगण्य.’
चूक दाखवली. तर म्हणतो, ‘‘छापील आधार आहे का, बाई?’’ नाही. ‘‘मग आहे तसं टाईप करा.’’ आमचे मालक छगनरावही त्याच्याच बाजूनं — ‘‘गिऱ्हाइकाशी वाद नको.’’
केलं टाईप. नगण्य. कार्बनच्या तीन प्रतींसकट.

३० मार्च
घेऊन गेला. ‘‘समास झकास आलेत!’’

९ एप्रिल
हंगाम संपला. आई गावी, तिसगावला जाता जाता माझ्या खोलीवर उतरली. बोटं पाचटानं चिरलेली. ‘‘काय टाईप करती गं?’’ म्हटलं, तुमच्यावरच होतं. ‘‘वाच की मंग.’’ बाद झालेलं एक पान माझ्याकडे होतं, ते वाचलं.
‘‘चारशे गडी? मंग आमी कोन हुतो? बैलं?’’
चूक कळूनही हे मीच टाईप केलंय. श्रीमंतला हसत होते मी!

१२ एप्रिल
आईला घेऊन थेट कॉलेजात, श्रीमंतच्या सरांकडे. सरांनी तिला खुर्ची दिली. तासभर तीच बोलली. प्रबंध परत! गावोगाव जाऊन पुन्हा मोजायचं. संध्याकाळी छगनरावांनी मला काढून टाकलं.
सर म्हणाले होते, श्रीमंतबरोबर माहितगार कोण जाईल? आई म्हणाली, ‘‘ही हाय की.’’
उद्या सकाळच्या एसटीनं श्रीमंत आणि मी निघतोय. वही मी धरणार.