कार्डावरची दुसरी ओळ

सोम. ९ जाने. २००६
लक्ष्मी रोडच्या शेठना नऊवारी पोचवल्या. तपासायला घडीही न मोडता त्यांनी त्या कपाटात ठेवल्या. हा मान समजायचा. मग म्हणाले, "काकू, असं सुटं काम पुरे. पाडव्यापासून फक्त आमच्यासाठी शिवा. बारा महिने काम देतो. लेबल आमचं." बाहेरची एकही साडी घ्यायची नाही, ही अट. पाडव्यापर्यंत सांगायचं, नाहीतर ते दुसरी बाई बघणार.
बसमध्ये डोक्यात तेच. वय बासष्ट. बारमाही काम चालून आलंय, नको कसं म्हणावं? पण ही विद्या मला कुणी शिकवलेली नाही. आईचं जुनं लुगडं कापलं, लोडाला नेसवलं, उसवलं, पुन्हा नेसवलं. सहा वर्षं. ते सगळं दुसऱ्याच्या लेबलाखाली जायचं.
हे असते तर एका शब्दात सांगितलं असतं. काय सांगितलं असतं, ते मात्र…

रवि. १५ जाने.
केतकी आली. धाकट्या बहिणीची लेक, हिंजवडीच्या कंपनीत मार्केटिंगला आहे. तिळगूळ तोंडात टाकला आणि वही काढली.
"मावशी, तुझं गिऱ्हाईक कोण?"
"जिला शिवलेली नऊवारी हवी ती."
"म्हणजे कोणीच नाही."
राग आला. पण पुढचं पटलं. मशीन एक, हात दोन. सगळ्यांसाठी शिवायचं म्हटलं तर शेठसारखं दुकानच लागतं. एकटीने उभं राहायचं तर कुणासाठी ते आधी ठरव, आणि नाव असं घे की तीच माणसं येतील.
गेल्या वर्षीची गिऱ्हाइकं आठवून लिहायला लावली. तीन ढीग झाले. कंपन्यांतल्या मुली, कोथरूड-वारज्याच्या, 'ट्रॅडिशनल डे'ला लागते म्हणून. नाचाच्या क्लासच्या मुली. आणि मांजरीच्या. मांजरी गावच्या म्हणजे इंदूताई नि त्यांच्या जावा-पुतण्या. ऊसवाली मंडळी. लग्नसराईत जीप भरून येतात, माझ्या सतरंजीवर फतकल मारून बसतात, दोनदा चहा पितात, सहा साड्या सांगून जातात.
के. म्हणाली, "मांजरीच्या वर्षातून एकदा येतात. कंपनीतली एक मुलगी नेसली की सगळा मजला विचारतो. टार्गेट ह्याच मुली."
टार्गेट म्हणजे नेम धरायचा. गिऱ्हाइकावर नेम धरायचा म्हणजे जरा… असो. शिकायचंय तर शिकायचं.

रवि. २२ जाने.
के. बसलेली असतानाच वारज्याची एक मुलगी आली. मी टेप हातात घेण्याआधी नेहमीचं विचारलं. कुठे नेसायची, समोर कोण मोठं माणूस असणार, घरी कशी नेसतात? मुलगी के.कडे बघायला लागली.
ती गेल्यावर के.ने माझी शिकवणी घेतली. "मावशी, हे पर्सनल आहे. त्यांना घाई असते. कंबर, उंची, घोटा. संपलं. डॉक्टर विचारतो का असलं?"
डॉक्टर विचारतो खरं तर. पण कानाला खडा लावला.

रवि. २९ जाने.
कार्ड ठरलं. वर मोठ्या अक्षरात 'सुमन'. दुसरी ओळ 'अस्सल पेशवाई नऊवारी, शिवलेली'. बाजूला के.चाच फोटो, मी शिवलेली नेसून, पदर खांद्यावर पिन केलेला. दिसते मात्र छान कार्टी.
म्हटलं, "अगं, आपण कुठले पेशवे?"
"ब्रँड आहे मावशी, वंशावळ नाही."
हसून हसून पोट दुखलं.

शुक्र. ३ फेब्रु.
पुठ्ठ्याचा एकच नमुना कापला, फोटोबरहुकूम. कासोटा वर, पदर खांद्यापुरता. आता एक साडी निम्म्या वेळात होते. कमरेला आत मोबाइलचा खिसा. तो बघून मुली उड्या मारतात. माझं नाव छापलेलं कार्ड देताना हात जरा जास्तच लांब करते, हे माझं मलाच कळतं.

मंगळ. ७ फेब्रु.
मांजरीला गेले. इंदूताईंच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलंय, वैशाखात. त्यांच्या घरचं लग्न असलं की मापं घ्यायला मीच जाते. या वेळी आधी कार्ड दिलं.
इंदूताईंनी चष्मा चढवून वाचलं. जावेला दिलं. जावेने उलटून मागची बाजू बघितली. मागे कोरं.
"पेशवाई व्हय. बरं हाय."
"अहो, मी सगळ्याच पद्धतीच्या शिवते. तुम्हाला माहीत आहे."
"आमाला म्हाईत हाय. ह्यावर कुठं हाय?"
जाऊ म्हणाली, "फोटूतल्या पोरीच्या डोईवर पदर न्हाई. ऊन लागंल की तिला."
सगळ्या हसल्या. मीही हसले. चहा आला, एकदाच. साड्यांचं काढलं तर इंदूताई म्हणाल्या, "बघू. कळवू." ही बाई 'कळवू' म्हणणारी नाही. हवं तर हवं, नको तर नको.
कार्ड मात्र ठेवून घेतलं. "नवी सून कंपनीत हाय. तिला दावते. तिला आवडंल."
येताना मापाची वही पिशवीतून काढलीसुद्धा नव्हती.

गुरु. १६ फेब्रु.
प्राजक्ता म्हणून मुलगी आली, दोन मैत्रिणींबरोबर. तिघी वारज्याला एका फ्लॅटमध्ये राहतात. ही वर्ध्याची. कॉम्प्युटरवर काय करते ते तिने समजावलं, मी मान हलवली. जांभळी साडी, नारळी काठ, साखरपुड्याला. कार्डावर बोट ठेवून म्हणाली, "काकू, अगदी अशीच पाहिजे."
सासर कुठलं, जिभेवर आलं होतं. गिळलं. वर्ध्याची मुलगी, साखरपुडा तिकडेच कुठेतरी असेल. कंबर, उंची, घोटा. संपलं.

रवि. २६ फेब्रु.
संध्याकाळी प्राजक्ताचा फोन. आवाज रडून बसलेला.
"काकू, साडी छान झाली हो, सगळे म्हणाले. पण ओटी भरताना सासूबाई म्हणाल्या, पदर घे डोक्यावर. तो कानापाशीच संपला. ओढला तर पिन निघाली. साऱ्या बाया पाहून राहिल्या होत्या."
"सासूबाई कुठल्या गं?"
"मांजरीच्या. त्यांनीच तर कार्ड दिलं तुमचं."
इंदूताईंची सून. त्यांनी 'दावते' म्हटलं होतं, ती ही. आणि मी तिचा पदर फोटोकडे बघून कापला. शिवलेली नऊवारी नेसायची साडी नव्हे, की इथून ओढली आणि तिथे सोडली. एकदा कापली की कापली.
विचारलं, मग काय केलंत?
"सासूबाईंनी अंगावरची शाल काढून माझ्या डोक्यावर घातली. आणि म्हणाल्या, शिवणारीची चूक न्हाई, कार्डावर छापलंय तसंच शिवलंय तिनं."
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोम. २७ फेब्रु.
के.ला फोनवर सांगितलं. तिने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, म्हणजे ती दोन्ही ढिगांत होती."
"हो."
"मला वाटलं, ते ढीग वेगळे आहेत."
मलाही तेच वाटलं होतं की. तिला एकटीला कशाला बोल लावू? सहा वर्षं जे विचारत आले ते एका रविवारात सोडलं, ते मीच.

गुरु. २ मार्च
प्राजक्ता साडी घेऊन आली. सोबत उरलेल्या कापडाचं गाठोडं. कातरणसुद्धा गिऱ्हाइकाची, ती मी बांधून परत देते. म्हणून वाचले. त्यातून हातभर तुकडा निघाला, काठासकट. काठाला काठ जुळवताना तीनदा उसवलं. सांधा खांद्याच्या चुणीत लपवला.
शिवता शिवता सगळं विचारलं. तिच्या आईची नेसायची पद्धत वेगळी, सासूची वेगळी. आणि हीच साडी तिला ऑफिसच्या पूजेलाही नेसायची आहे. "तिथं डोक्यावर पदर घेतला तर पोरी चिडवतील न काकू."
मग सुचलं. वाढीव हातभर पदर चुणीत आत दुमडला आणि टिचबटणं लावली. बटणं सोडली की पदर डोक्यावर, लावली की खांद्यावर. तिने आरशापुढे चारदा उघडझाप केली.
"काकू, हे लय भारी आहे. हे का नाही लिहित कार्डावर?"
हे कसं लिहिणार, बाई?

रवि. १२ मार्च
साडी दाखवायला मांजरीला गेले. बोलावलं नव्हतं. इंदूताईंनी पदर हातात घेऊन इंच इंच चाचपला.
"सांधलाय."
"हो. सांधलाय."
"बरा सांधलाय." बटणांकडे बघून तोंड फिरवून हसल्या, मला दिसू नये म्हणून. मग म्हणाल्या, "आवं, दर खेपंला इचारायच्या. कुनाचं लगीन, म्होरं कोन बसनार, म्हातारी हाय का घरात. आमी म्हनायचो, ही बाई शिवती कमी, इचारती लय. ह्या खेपंला कार्ड दिलंत नि निघालात."
आज चहा दोनदा आला. दुसरा जावेने आणला.
वैशाखातल्या साड्यांचं विचारायचा धीर होईना. इंदूताईच म्हणाल्या, "आजून ठरलं न्हाई. जाऊ म्हनती, लक्ष्मी रोडवरनं तयार आणू."
तेव्हापासून हेच डोक्यात. लक्ष्मी रोडवर त्या शेठकडेच जाणार. शेठला हो म्हटलं, तर त्या साड्या माझ्याच हातून जातील, शेठच्या लेबलाने. मला कळणारही नाही की या मांजरीच्या. आणि पदर पुन्हा…

रवि. १९ मार्च
के. आणि मी दुसरी ओळ शोधत बसलो. 'पेशवाई' तिनेच खोडलं.
"सर्व पद्धतीच्या नऊवारी," मी म्हटलं.
"रद्द. असं लाँड्रीवाले लिहितात."
"पदर हवा तसा."
"फाजील वाटतं, मावशी."
"लग्नाला आणि ऑफिसला."
"आणि मधल्या वेळात काय, गाउन?"
पिठलं-भात झाला, ओळ झाली नाही. जाताना म्हणाली, "तू आधी सगळ्यांसाठी म्हणायचीस ना, ते चूकच होतं. पण मी सांगितली ती कंपनीतली मुलगी, तीही तुझं गिऱ्हाईक नाही. तुझं गिऱ्हाईक म्हणजे जिला दोन घरं सांभाळायची आहेत ती. पण हे चार शब्दांत येत नाही." मार्केटिंगवालीला शब्द सुचेनात, हे पहिल्यांदाच पाहिलं. जवळ घेतली तिला.

मंगळ. २८ मार्च
शेठकडे गेले. दुकानात गर्दी, पाडव्याची खरेदी. काउंटरच्या कडेला उभी राहून सांगितलं, नाही जमणार.
रागावले नाहीत. "स्वतःचं काढणार? नाव काय?"
"माझंच. सुमन."
"आणि खाली काय लिहिणार?"
"ते ठरायचंय."
"आधी ठरवून मग यायचं होतंत, काकू. आम्ही कुठे पळून जात होतो?" एवढं बोलून गिऱ्हाइकाकडे वळले. शेठ वाईट माणूस नाही. पण आता ते दार लागलं.
कठडा धरून जिना उतरले.

गुरु. ३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. शेजारच्यांना श्रीखंड दिलं. मांजरीहून निरोप नाही. फोन दोनदा उचलून बघितला, बंद तर पडला नाही ना. चालू आहे.
दुपारी प्राजक्ताची मैत्रीण आली, तिला तसा दुमडता पदर हवाय. आधी तासभर विचारपूस केली, मग टेप काढला. तिला घाई होती. तरी बसली, आणि शेवटी तीच बोलत सुटली, सासूपासून बॉसपर्यंत. एक साडी. बारमाही कामाच्या बदल्यात सध्या एवढंच हातात.

शनि. १ एप्रिल
छापखान्यात. वर 'सुमन', बाजूला 'शिवलेली नऊवारी' आणि फोन. फोटो काढून टाकला.
छापखानेवाले म्हणाले, "खाली एवढी जागा कशाची?"
"तिथे एक ओळ यायची आहे. सुचलेली नाही."
"मग सुचल्यावर या."
"नाही, आता नाव तरी लोकांच्या हातात जायला हवं. छापा तसंच."
"छापतो. नंतर 'ओळ राहिली' म्हणून भांडायला येऊ नका. राहिलेली तुमची आहे, आमची नाही."

बुध. ५ एप्रिल
कार्डं आली. साधी, बरी दिसतात. उद्या प्राजक्ता मांजरीला जाणार आहे, तिच्याबरोबर एक इंदूताईंना पाठवायचं. साड्यांचं अजूनही काही कळलेलं नाही. आणल्या असतील तर आणल्या असतील.
नुसतं कार्ड पाठवणं बरं वाटेना. कोऱ्या जागेत हाताने लिहावं म्हटलं. प्राजक्ताच्या मैत्रिणीला दिलं त्यावर 'दुमडता पदर' लिहिलं, ते पटकन सुचलं. इंदूताईंचं समोर ठेवून बसलेय. 'डोक्यावरच्या पदराची' लिहिलं तर त्यांना एकाच खुंटीला बांधल्यासारखं. 'तुमच्या पद्धतीची' लिहिलं तर जाऊ म्हणेल, आमची पद्धत कोणती ते आता कार्डावर वाचायचं का?
पेनाचं टोपण काढून ठेवलंय. चहा निवला. इंदूताईंना काय लिहू?