समोरचे दोन दात

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी आधी तुम्हालाच सांगायची होती. मला दात बसले. वरचे, समोरचे दोन.

मी पाचवीत होते. शाळेबाहेरच्या हातपंपाचा दांडा हातातून सटकला आणि थेट तोंडावर आला. त्यानंतर मी 'सातपुडा' म्हटलं तरी वर्ग हसायचा, म्हणून मी तोंडावर हात धरून बोलायला शिकले. तरी पंधरा ऑगस्टच्या भाषणाला तुम्ही मलाच उभं केलंत. मी तशीच सुरुवात केली आणि तुम्ही सगळ्या गावासमोर ओरडलात, "हात खाली घे! तोंड लपवून बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही." मी रडत घरी पळाले. संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे आलात. माय चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसला आहात, मी दाराआड उभी. "पोर हुशार आहे. मोठी झाली की दात बसवून घ्या हिचे," तुम्ही म्हणालात. माय हसली. "बाई, खावाना दात शेतस ना तिले. दखाडाना दात कसाले जोयजेत?" खायचे दात आहेत तर दाखवायचे कशाला, एवढंच तिचं म्हणणं. तुम्ही चहा न घेताच उठलात. मला रागच आला होता तुमचा, आणि तो माझ्या लग्नानंतरही टिकला.

सासर विसरवाडीजवळचं. तिथे मी आरोग्य खात्याची आशाताई झाले. घरोघरी जाऊन बोलायचं काम, ते मी पदर तोंडाला लावून केलं. लोक म्हणायचे, बाई लाजाळू आहे. माझ्या मुलीने मला तोंड उघडून हसताना कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका संस्थेने विसरवाडीत दातांचं मोफत शिबिर घेतलं. गावातली म्हातारी माणसं जीपमध्ये बसवून मी घेऊन गेले, सगळ्यांची नावं लिहून दिली. तपासणारी डॉक्टर अगदी तरुण मुलगी. तिने यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमचं नाव कुठे आहे?" मी म्हटलं, "मला काही दुखत नाही." ती म्हणाली, "मग पदर का धरलाय?" मी तो आणखी घट्ट धरला. तेवढ्यात मी आणलेली एक आजी बाकावरून ओरडली, "आम्हले लई उनी, नि तूच भ्याई ऱ्हायनी का?" सगळ्यांना घेऊन येणारीच भ्यायली म्हणून सगळा मंडप हसला. मी खुर्चीत जाऊन बसले.

आत राहिलेली मुळं काढली, जखम भरायला दोन महिने दिले, मग संस्थेच्या दवाखान्यात माप घेतलं. शेवटच्या फेरीला शेजारच्या दातांच्या आधाराने पक्के दात बसवले आणि डॉक्टरने आरसा हातात दिला. "बोला ना काहीतरी!" मला तुमचा फळाच आठवला, दंत्य अक्षरांचा. "त, थ, द, ध, न," मी म्हटलं. एकही अक्षर निसटलं नाही, बाई. मी हसले, डॉक्टर हसली, आणि सोबत आलेल्या माझ्या मुलीने तर मोबाइलवर माझे फोटोच फोटो काढले.

खरी गंमत पुढे. आमच्या उपकेंद्राला वर्षभर कुलूप होतं, नर्सची जागा रिकामी. दर ग्रामसभेत मी चिठ्ठी लिहून द्यायची आणि ती कुणीतरी खिशात घालायचं. या वेळी मी उठले आणि माइक मागून घेतला. कुठल्या बाईचं बाळंतपण रस्त्यात झालं, कुठलं बाळ लसीविना राहिलं, सगळं एकेक करून सांगितलं. आधी कुजबुज होती, मग तीही थांबली. तालुक्याहून आलेले साहेब लिहून घेत होते. सरपंच म्हणाले, "ताई, इतकी वर्षं कुठे होता तुम्ही?" महिन्याभरात कुलूप निघालं. आता आठवड्यातून तीन दिवस नर्स येते, आणि बायका तिला सांगतात, हे आमच्या ताईने आणलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. कपाटात ठेवून देईन. फक्त एक गोष्ट तुमच्याजवळ कबूल करते. शिबिराला यायला घाबरणाऱ्या प्रत्येक बाईला मी छाती ठोकून सांगते, काहीसुद्धा दुखत नाही. मुळं काढताना मी त्या डॉक्टरच्या कोटाचं बटण तोडलं होतं.